नाटककाराचा नारळ

कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मला नावाने ओळखणारी माणसं थोडी, ‘रायल्टी’ म्हणून ओळखणारी पुष्कळ. रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरलो की चहावाला बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा, "रायल्टी आला रं. कुनाच्या गावाला नाटक हाय?" मग एस.टी.तून माझ्या आधी बातमी जायची. मी पोचेपर्यंत मांडवातला पडदा गुंडाळलेला, पेटी-तबला कुणाच्या तरी माळ्यावर, आणि मंडळी देवळात भजनाला बसलेली. त्यातल्या दोघातिघांच्या मिशा नुकत्याच उडवलेल्या असत. स्त्री पार्ट करणाऱ्याला मिशी लपवता येत नाही, आणि उडवलेली मिशी तर मुळीच लपवता येत नाही.

मुंबईतल्या एका प्रकाशन संस्थेत मी नाट्यप्रयोगांच्या परवानग्यांचं काम बघतो. देश स्वतंत्र झाला त्यानंतर दोन-तीन वर्षांत लागलो, आता पन्नाशीला टेकलो. काम सांगायला सोपं आहे. नाटक छापलेलं असलं तरी त्याचा प्रयोग करायचा हक्क लेखकाचा. प्रयोगाआधी लेखकाची लेखी परवानगी घ्यायची, ठरलेलं मानधन, म्हणजे रॉयल्टी, द्यायची, जाहिरातीत नाव घालायचं आणि संहितेत फेरफार करायचा नाही. लेखकांच्या वतीने हे सगळं आमची संस्था बघते. विनापरवाना प्रयोग कुठे होतोय याचा माग काढायचा, तिथे जायचं, समज द्यायची, वेळ पडली तर प्रयोग थांबवायचा, हे माझ्याकडे.

करायला मात्र ते इतकं अवघड, की अठ्ठावन्न साली नवा कॉपीराइट कायदा लागू झाला तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले होते. वाटलं, आता काठी मिळाली. पण कायदा इंग्रजीत, आणि नाटकं रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, जिथे तरीत बसून जावं लागे. नोटीस काढायची तर कुणाच्या नावे? एका गावात मी विचारलं, मंडळाचे अध्यक्ष कोण? सगळ्यांनी गाभाऱ्याकडे बोट केलं. मंडळाच्या हिशेबाच्या वहीतही खरोखरच लिहिलेलं होतं, अध्यक्ष श्री मारुती. श्रीवर्धनजवळच्या एका गावात तर मी प्रयोग थांबवायला गेलो, तो त्यांनी मलाच पाटावर बसवून शाल घातली. वर हातात नारळ आणि ओली सुपारी देऊन जाहीर केलं की मुंबईहून साहेब मुद्दाम परवानगी घेऊन आलेत. टाळ्या पडल्या. शाल अंगावर असताना नोटीस काढता येत नाही. पहिल्या रांगेत बसून मी तीन अंक पाहिले. वाईट नव्हते.

आणि एक गोष्ट तेव्हा मी कधी बोललो नाही, ती आता सांगतो. परवानगी मागायची ठरवली तरी या लोकांनी मागायची कुठे? बरीचशी पुस्तकं वीस-वीस वर्षं पुन्हा छापलेलीच नव्हती. जुन्या प्रतीवरचा प्रकाशकाचा पत्ता बदललेला. गावात एखादी प्रत असली तर तिची पानं गळालेली. म्हणून नाटक उतरवून घेत. एक माणूस सबंध नाटक वहीत लिहून काढी, आणि त्यावरून प्रत्येक नटाला त्याची ‘नक्कल’ करून देई. नक्कल म्हणजे त्या नटाची तेवढीच भाषणं, आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते शब्द कानावर आले की आपण बोलायचं. त्यामुळे नटाला आपल्यापुरतंच नाटक ठाऊक. सबंध नाटक वहीत, आणि वही लिहिणाऱ्याच्या डोक्यात. कायद्याच्या भाषेत ही वही म्हणजे बेकायदा प्रत. वही हातात आली की नाटक थांबलं, हे मी धंद्यात शिकलो होतो.

ज्या वहीबद्दल लिहायला बसलोय ती माझ्या ट्रंकेत आठ वर्षं होती.

सुरुवात एका हँडबिलापासून झाली. लालबागेतल्या एका छापखान्यात माझं जाणंयेणं असे, कारण गावच्या जत्रेला नाटक करणारे गिरणीतले लोक हँडबिलं तिथेच छापायला टाकत. एका चैत्रात गुलाबी कागदावरचं एक हँडबिल हाती लागलं. नाटकाचं नाव ‘सून घरी आली’. अशा नावाचं नाटक आमच्या यादीत नव्हतं. पण पात्रांची नावं वाचली, सासू भागीरथी, सून सुलोचना, दीर वसंत, आणि ओळखलं. हे ‘अबोल आहुती’. नाव बदलून नाटक करणं ही तर नेहमीचीच युक्ती. खाली लेखक म्हणून नानासाहेबांचं नाव बरोबर घातलेलं होतं, फक्त मागे ‘कै.’ लावलेलं.

नाना गिरगावात राहत होते. एक खोली, खिडकीपाशी लोखंडी खाट, दमा. तरुणपणी लिहिलेलं हे एकच नाटक चाललेलं. त्याच्या परवानग्यांमधून जे काही येई त्यातून त्यांचं औषध निघे. मी हँडबिल दाखवलं तर म्हणाले, "मी गेलो होय? सूनबाईला सांगायला हवं, उगाच दोन वेळा चहा करते." आणि हसता हसता खोकायला लागले, ते थांबेनात. मला मात्र राग आला होता. वाटलं, माणूस मेला असं छापलं की परवानगीची कटकट नाही, असा यांचा कावा. तसं पाहिलं तर लेखक मेला तरी त्याचा हक्क पुढे पन्नास वर्षं जिवंत राहतो, पण हे त्यांना कोण सांगणार? मी सांगणार होतो.

गाव काशीदच्या अलीकडे, सुरूंच्या आड. नाव लिहीत नाही. गावदेवीच्या जत्रेचा दिवस. या खेपेला मी युक्ती केली होती. रेवसच्या चहावाल्याच्या तोंडावरून न जाता आदल्या दिवशीच एस.टी.ने अलिबागेत उतरलो आणि सकाळी खाडीवरची तर गाठली. दुपारी गावात पोचलो तेव्हा मांडव उभा होता, बाकं लावणं चाललं होतं, आणि बिनमिशीचा एक दणकट गडी खांबाला गॅसबत्तीचा हूक ठोकत होता. मला बघून त्याचा हातोडा खाली आला.

"रायल्टी ना तुमी? लालबागला बघितलंय." मग वरच्या ओठावरून बोट फिरवत म्हणाला, "साहेब, मिशी काढून झाली माझी. आता थांबवू नका."

हा गणपत. सुलोचनेचं काम करणारा. मी वही मागितली.

"वही आक्काकडं. नाटकाचं सगळं आक्काच बगते. तिचा नवरा हुता तवर तो बगायचा."

आक्काचं घर देवळाच्या मागे. पडवीत सुपात वाल निवडत बसली होती. पंचावन्नची असेल, अंगाने बारीक, कपाळ रिकामं. मला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं, आणि पुन्हा सूप पुढे ओढलं.

"नाटक कुणाचं आहे हे?" मी ऑफिसच्या आवाजात विचारलं.

"आमचं."

"लिहिलं कुणी?"

"लिवणारा व्हय? तो गेला. त्याचा नारळ असतो आमचा."

मला कळलं नाही. तिने वाल निवडता निवडता समजावून सांगितलं. पडदा उघडायच्या आधी तीन नारळ फुटतात. पहिला गावदेवीचा. दुसरा तिच्या नवऱ्याचा, त्याने मुंबईहून पुस्तक आणलं आणि मंडळ काढलं म्हणून. आणि तिसरा ज्याने नाटक लिहिलं त्याचा. केळीच्या पानावर विडा, नारळ, चिमूटभर साखर. गेलेल्यांना पोचतं.

"तो गेला हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? पुस्तकात नाव छापलंय की. जित्या माणसाचं नाव पुस्तकात असतं व्हय कुठं? शाळेतल्या पुस्तकात बगा, सगळं गेलेलंच."

त्या घडीला मला हसू यायला हवं होतं. मी फाइल उघडली आणि म्हणालो, "बाई, तो माणूस जिवंत आहे. गिरगावात राहतो. दम्याने बेजार आहे, पण जिवंत आहे."

तिचा हात सुपात थांबला.

"दम्यानं?"

"हो."

"कवापासनं?"

"असतील दहा-बारा वर्षं."

ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. ओठ हलत होते. मोजून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं ते डोळे मला अजून आठवतात. म्हणाली, "आमी बारा वरसं नारळ फोडतो."

मला समजलं तिच्या मनात काय आलं ते. जित्या माणसाला दरवर्षी गेलेल्यांत बसवलं, म्हणून त्याचा श्वास अडला. एका वाक्याचं काम होतं. बाई, तसं काही नसतं, त्यांना विडीचं व्यसन आहे, इतकंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. गप्प बसलो. आमच्या धंद्यात गप्प बसण्याचा उपयोग असतो. समोरचा घाबरलेला असला की काम लवकर होतं.

आक्का उठली, आत गेली, आणि लाल फडक्यात बांधलेली वही घेऊन आली. दोन्ही हातांनी पुढे केली.

"ही त्यांना नेऊन द्या. म्हणावं, जित्याला गेला म्हटलं, चूक झाली. आज नाटक हुनार न्हाय. त्यांनी बगितली की वही परत आणा तेवढी, बाबा. आणि एक सांगा. शेवट त्यांचा न्हाय. त्यांनी पोर हिरीत घातली हुती. तेवढा शेवट माझा हाय. राग आला तर माझ्यावर यावा, मंडळावर नको."

अहवालात मी लिहिलं, ‘बेकायदा हस्तलिखित प्रत जप्त केली. प्रयोग थांबवला. संहितेत फेरफार केल्याचं संबंधित बाईंनी कबूल केलं.’ जप्तीला न्यायालयाचा हुकूम लागतो, तो माझ्याकडे नव्हता. आणि ती जप्तीही नव्हती. एका बाईने माझ्या हाती निरोप दिला होता, आणि मी तो पकडलेल्या मालासारखा घेऊन निघालो.

एस.टी.पर्यंत गणपत सोडायला आला. माझी बॅग त्याने घेतली. मीच म्हटलं, "पुढच्या वर्षी रीतसर अर्ज करा, परवानगी मिळेल."

"परवानगीचं न्हाय वो साहेब." तो थांबला. "आज शकू आली असती. आता वरीसभर न्हाय."

"कोण शकू?"

"आक्काची पोर. तळा गावाला दिलेली. सासरी लई हाल. एकदा चालत आली हुती, पाय फुटलेलं. आक्कानं दोन दिस ठेवली आणि परत धाडली. म्हणाली, हुईल नीट. आठव्या दिवशी निरोप आला, हिरीत सापडली." मग माझी बॅग दुसऱ्या हातात घेत म्हणाला, "त्या वरसापास्नं आक्कानं तिसरा अंक बदलला. सुलोचना हिरीवर जाती आणि माघारी येती. दारात उभी ऱ्हाती. मी उभा ऱ्हातो, म्हंजे. आक्का पडद्यामागं बसून भाषणं सांगत असती, पण त्या जागेला तिचा आवाज येत न्हाय. मी तसाच उभा ऱ्हातो थोडा येळ. मग आमची भागीरथी बोलती."

गाडी आली. मी बसलो.

आठ दिवसांनी वही नानांना दाखवायला नेली. फेरफाराचं पान काढून पुढे ठेवलं, म्हटलं, कारवाईला तुमची सही लागेल. त्यांनी चष्मा लावला. आक्काचं अक्षर शाळेत तिसरीपर्यंत गेलेल्या बाईचं, गोल, प्रत्येक अक्षर जपून सुटं काढलेलं. शेवटचा प्रवेश दीड पानाचा. सून विहिरीवरून परत येते, दारात उभी राहते, आत यावं की नाही तिला कळत नाही. नानांच्या मूळ नाटकात या जागी सासूचं दोन पानांचं पश्चात्तापाचं भाषण होतं, प्रेताशेजारी. इथे सासू एवढंच म्हणते, "दार लावलं नव्हतं गं. हातपाय धू. पेज गरम हाय." आणि पडदा.

नानांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून धोतराने पुसला.

"ही कोण बाई?"

मी नाव सांगितलं, पडवी सांगितली, नारळाचं सांगितलं. शकूचं सांगितलं नाही. का नाही, ते मलाही नीट सांगता येत नाही. ते सांगितलं असतं तर मी काय करून आलो तेही सांगावं लागलं असतं.

नारळाच्या गोष्टीवर ते मनापासून हसले. "तिला लिहा, दमा विड्यांचा आहे. नारळ खुशाल फोडू दे. जिवंतपणी मिळतोय तर नको कशाला म्हणू?" मग वहीवर हात ठेवून म्हणाले, "खरं सांगू? मला पडदा कसा पाडायचा ते सुचत नव्हतं, म्हणून मी त्या मुलीला विहिरीत ढकललं. तीस वर्षं लोक रडत आले, मला वाटायचं जमलं. हिने बरोबर केलंय. नव्या आवृत्तीत हाच शेवट घालू. पण तिला विचारा, आणि हो म्हणाली तर तिचं नाव घाला. पहिल्या पानावर, माझ्या नावाखाली."

मी ऑफिसात येऊन मालकांना सांगितलं. मालक वाईट माणूस नव्हता, हिशेबी होता. म्हणाले, शेवट उत्तम आहे, घ्या. नाव घालू नका. आज नाव घातलं की उद्या गाव हक्क मागत येईल, आणि परवानगी नक्की द्यायची कुणी यावर तंटा. नानांना काय सांगायचं ते तुम्ही बघा.

नोकरीची भीती होती असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण मालकांनी मला काढलं नसतं. खरं एवढंच, की मला त्या पडवीत पुन्हा उभं राहायचं नव्हतं. मी पत्र लिहिलं नाही. महिन्याने नानांकडे गेलो आणि म्हणालो, "बाईंचं उत्तर आलं. शेवट आनंदाने घ्या म्हणतात. नाव मात्र नको म्हणाल्या."

"नको म्हणाली?" त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. "का बरं?"

"संकोची आहेत," मी म्हणालो.

छापखान्यासाठी शेवटच्या प्रवेशाची स्वच्छ प्रत मीच केली. आयुष्यभर लोकांना, दुसऱ्याचं लिहिलेलं उतरवून घेऊ नका, असं सांगत हिंडलेला मी, टेबलावर वही उघडी ठेवून आक्काचं लिहिलेलं उतरवून घेत होतो. ‘हाय’चं ‘आहे’ केलं. तेवढीच माझी दुरुस्ती.

नवी आवृत्ती निघाली आणि नाटक पुन्हा उभं राहिलं. मुंबईत प्रयोग झाले, मग सगळीकडून परवानग्यांची मागणी येऊ लागली. त्या शेवटच्या वाक्याला प्रेक्षागृहात हुंदका उमटायचा. नानांना दोन बऱ्या वर्षांचं औषधपाणी मिळालं, आणि मग ते गेले, खिडकीपाशी, बसल्या बसल्या. शेवटच्या भेटीत म्हणाले होते, "त्या बाईंची वही परत केलीत ना?" मी हो म्हणालो. त्यांना सांगितलेलं दुसरं खोटं.

त्याच्या पुढच्या वर्षी आक्काच्या गावाहून मंडळाचा अर्ज आला. रीतसर, मानधनाच्या मनिऑर्डरीसह. गणपतच्या अक्षरात होता. नाटक ‘अबोल आहुती’, नवी आवृत्ती, शब्दशः करू, काही बदल करणार नाही. मधल्या चार वर्षांत त्यांनी नाटक केलं नव्हतं. आता छापील पुस्तकात त्यांचाच शेवट आल्यावर, तो करण्याची परवानगी ते माझ्याकडे मागत होते. मी पावती फाडली. सही माझी आहे. कार्बन प्रत ऑफिसात अजून असेल.

हे सगळं घेऊन माणूस जगतो, त्यात नवल नाही. सकाळी उठतो, ऑफिसला जातो. पण कुठेही कुणाच्या पडवीत सुपाचा आवाज आला की माझं बोलणं तुटायचं. घरी बायकोने दोनदा विचारलं, ट्रंकेत लाल फडक्यात काय आहे. मी म्हटलं, ऑफिसचं.

गेल्या चैत्रात गेलो. जत्रा होऊन दोन दिवस झाले होते, मुद्दामच नंतर गेलो. चहावाल्याने ओळखलं. "रायल्टी, नाटक झालं की. उशीर केलात." मी म्हटलं, आज नाटकाला नाही आलो.

आक्का पडवीतच होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, वाल आता सूनबाई निवडत होती. मी नाव सांगितलं तर ओळख पटेना. रायल्टी म्हटल्यावर पटली. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं,

"त्यांचा दमा कसा हाय?"

आठ वर्षांत तिने जपून ठेवलेला प्रश्न हा होता. नाटकाचा नाही, वहीचा नाही.

मी खाली बसलो आणि म्हटलं, "आक्का, ते गेले. चार वर्षं झाली. पण दमा तुमच्या नारळाने नव्हता. विड्यांनी होता. त्यांनी तेव्हाच निरोप दिला होता, की नारळ खुशाल फोडा, मला आवडेल. मी तो तुम्हाला पोचवला नाही."

तिने मान अंगणाकडे वळवली. मग पदराने डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा.

"नाटक करतो आमी परत. पन त्यांचा नारळ बंद केला हुता, त्या दिसापास्नं. म्हटलं, आधीच काय कमी केलं का आपण." मग म्हणाली, "विड्या वडायचे व्हय. आमचं ह्ये पण वडायचे."

मग मी बाकीचं सांगितलं. शेवट त्यांना आवडला होता, त्यांनी नाव घालायला सांगितलं होतं, तुम्ही नको म्हणालात असं मी खोटं सांगितलं, पावतीही मीच फाडली. हे बोलताना मी सुपाकडे बघत होतो. सूनबाईचा हात थांबला होता. वही फडक्यासकट आक्काच्या मांडीवर ठेवली. तिने गाठ सोडली नाही, नुसती चाचपली.

"वाचा शेवटचं," ती म्हणाली. "छापलेलं वाचा, मला दिसत न्हाय."

मी पुस्तक आणलं होतं. शेवटचा प्रवेश वाचला. शेवटचं वाक्य वाचून थांबलो.

"आहे म्हटलं का त्यात?"

"हो. मी बदललं."

"आमचा भागीरथीचा गडी हायच म्हणतो," ती म्हणाली. "तुमची परवानगी हाय का न्हाय त्याला, ते बगा." आणि पहिल्यांदाच हसली, दात नसलेल्या तोंडाने. सूनबाईही हसली. मला हसता आलं नाही.

"आक्का, पुढच्या आवृत्तीत नाव घालायला लावतो तुमचं. मालकांशी भांडतो."

"माझं कशाला? मी जिती हाय अजून." तिने मान हलवली. "पुस्तकात जित्या मानसाचं नाव नको. बघितलं ना एकदा काय झालं ते." तिचा हात वहीच्या गाठीवर होता. मला वाटलं, झालं, मी खोटं सांगितलं होतं तेच शेवटी खरं ठरलं. तेवढ्यात ती म्हणाली,

"शकूचं घाला."

मी खिशातून पेन काढलं.

"नुसतं शकू. आडनाव सासरचं हुतं, ते नको."

मालकांशी बोललो. म्हणाले, जिने लिहिलं नाही तिचं नाव कसं घालायचं? कायद्याने बरोबर आहे त्यांचं. त्या कायद्याची नोकरी मी अठरा वर्षं केली, मला ते मुद्दे पाठ आहेत. म्हणून दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या म्हणून पत्र पाठवलं, तेव्हा मी हो म्हटलं. गमतीजमती वर आल्या आहेत तेवढ्याच. अंक निघाला की पहिली प्रत मालकांच्या टेबलावर मीच ठेवणार आहे, पुढचं ते ठरवतील. दुसरी गणपतकडे पाठवतो, तो आक्काला वाचून दाखवील. त्यासाठी खालची ओळ वेगळी, ठळक छापावी, अशी संपादकांना विनंती केली आहे.

‘अबोल आहुती’, अंक तिसरा, शेवटचा प्रवेश: शकू.